मदत हवी आहे: फेलोला सांधा तपासायला शिकवताना माझं कुठे चुकतंय?

नमस्कार. ऱ्हुमॅटॉलॉजीच्या (सांधेवाताच्या शाखेच्या) फेलोंना, म्हणजे या शाखेत पुढचं शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना, शिकवायला लागून मला दुसरं वर्ष आहे. रुग्ण बरीच वर्षं बघितले, पण शिकवायचं कसं हे मला कुणी शिकवलं नाही. एके दिवशी यादीत नाव आलं आणि मी शिक्षक झाले. इथे शिकवणारे आणि फेलोशिप करून बाहेर पडलेले, दोन्ही आहेत म्हणून विचारते.

माझ्याकडची फेलो हुशार आहे, वाचन दांडगं. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरून आलेल्या माणसाला ती इतकं छान समजावते! १:१६० ला, म्हणजे रक्तद्रव इतका पातळ करून तपासला तरी, निरोगी माणसांतही सुमारे ५ टक्के जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, तेवढ्यावरून ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) ठरत नाही, हे ती शांतपणे सांगते. सांध्यावर हात ठेवायची वेळ आली की मात्र तिचा धीर सुटतो.

मागच्या महिन्यात सांधेवातासाठी मेथोट्रेक्झेट हे औषध चालू असलेल्या एका बाई आल्या. फेलोने २८ सांधे मोजले, सूज शून्य, 'डोस तोच ठेवू या' म्हणाली. मी बाईंना मोजे काढायला सांगितलं. दोन्ही चवडे सुजलेले. डीएएस २८ या २८ सांध्यांच्या ठरलेल्या मोजणीत खांदे, कोपरं, मनगटं, हाताची बोटं आणि गुडघे येतात, घोटे आणि पावलं येत नाहीत. हे तिला पाठ होतं, तरी मोजे तसेच राहिले. मी दाबून बघितलं, डोस वाढवला आणि पुढच्या रुग्णाकडे वळले. सगळं दोन मिनिटांत. संध्याकाळी तिची नोंद वाचली: 'सूज: मॅडमच्या तपासणीनुसार.' मागच्या नोंदी काढल्या, तर कित्येक ठिकाणी हेच वाक्य. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तिचा स्वतःच्या बोटांवरचा विश्वास उडालाय आणि त्यात माझा हात आहे. प्रत्येक वेळी तिच्या आधी उत्तर मीच देत होते.

'वन मिनिट प्रिसेप्टर' ही पद्धत वापरून पाहिली. आधी फेलोला स्वतःचं मत ठामपणे मांडायला लावायचं, मग ते कशावरून हे विचारायचं, एखादा नियम सांगायचा, बरोबर काय केलं ते सांगायचं आणि चूक दुरुस्त करायची. निदानाच्या चर्चेत तिचा खूप उपयोग झाला. सांध्याच्या बाबतीत गाडी दुसऱ्याच पायरीवर अडते. 'कशावरून?' विचारलं की ती म्हणते, 'तसं वाटलं.' पुरावा बोटात असेल तर तो शब्दांत कसा मागायचा?

मी सांगते ते असं: बोटाच्या मधल्या सांध्याला दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी लावायच्या. एका जोडीने दाबलं की दुसऱ्या जोडीखाली फुगवटा येतो का बघायचं. दाब आपल्या नखाचं टोक पांढरं पडेल इतकाच. सूज मऊ लागते, झिजेतली गाठ हाडासारखी टणक. तिने हे दहादा ऐकलंय. ऐकून बोटांना काय कळणार?

शिवाय सुजलेला सांधा दुखतो. शिकवण्यासाठी तो पुन्हा पुन्हा दाबायचा मला धीर होत नाही. तिला रुग्णासमोर दुरुस्त करावं की बाहेर आल्यावर? पहिला हात कुणाचा? तुम्ही कसं करता?

प्रतिसाद १
ताई, पहिला हात तिचाच. तिचं होईपर्यंत तुम्ही सांध्याला हात लावू नका आणि चेहऱ्यावरही काही दिसू देऊ नका. कागदावर सांध्यांचं चित्र घेऊन दोघींनी वेगवेगळ्या खुणा करा, मग ताडून बघा. फरक पडेल तेवढेच एक-दोन सांधे पुन्हा दाबायचे, तेही रुग्णाला विचारून. ते दाबताना तिच्या बोटांवर तुमची बोटं ठेवा, दाब किती हे तसंच कळतं. आणि आधी निरोगी सांधे भरपूर तपासू द्या, अगदी तुमचे स्वतःचेसुद्धा. नेहमीचं कसं लागतं हे बोटांना माहीत नसेल तर सूज कळायची कशी?

प्रतिसाद २
मॅडम, मी फेलो असताना असंच लिहायचो. रुग्णासमोर चुकीचा ठरण्यापेक्षा ते सोपं वाटायचं. एकदा एका मनगटावरून सरांचं आणि माझं जुळेना. सर म्हणाले, 'मला खात्री नाही, सोनोग्राफी लावून बघू.' पॉवर डॉपलरमध्ये (सोनोग्राफीतच वाढलेला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या पद्धतीत) सूज दिसली, मी म्हणत होतो तिथेच. सरांनी रुग्णासमोर सांगितलं की माझं बरोबर होतं. त्या दिवसापासून माझ्या नोंदी माझ्या झाल्या. आणखी एक, 'छान चाललंय' एवढंच ऐकून आम्हाला काहीच कळत नाही. काय छान, ते सांगा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. तीन आठवडे कागदाची पद्धत चालू आहे, पावलं त्यात धरली आहेत. पहिल्या आठवड्यात आमच्या खुणा फारशा जुळल्या नाहीत. काल एका मनगटावर तिने सूज लिहिली, मी नाही. सोनोग्राफीत सूज निघाली. मी तिला तिथेच, रुग्णासमोर सांगितलं. नोंदीत तिने पहिल्यांदा नुसतं 'उजवं मनगट: सूज आहे' असं लिहिलं.

आता एकच अडलंय. सत्र संपताना तिचं मूल्यमापन मीच लिहिणार. जिच्या हातात शेरा आहे तिच्याशी ती मोकळेपणाने असहमत होईल का? तुमच्याकडे शिकवणारा आणि शेरा देणारा वेगळे असतात का? असतील तर रोज ओपीडीत न दिसणाऱ्याला फेलोची बोटं कशी कळतात?