असई १८०३ : फौज आणि हानीचे आकडे कसे धरायचे?

भोकरदनकर
शाळेच्या सहलीसाठी असईच्या लढाईची (२३ सप्टेंबर १८०३) एक पानी माहिती लिहितोय. ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्ली याचे साडेचार हजार विरुद्ध शिंदे-भोसल्यांचे पन्नास हजार, असंच सगळीकडे वाचायला मिळतं. मुलांना हेच सांगू का? आणि आपली माणसं किती पडली?

कंपूवाला
असं मुळीच सांगू नका. साडेचार हजार ही वेलस्लीची फक्त कवायती (युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेली) फौज. म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे मिळून सुमारे पाच हजार स्वार त्याच्याबरोबर होते, ते त्यात धरलेलेच नाहीत. शिंद्यांकडचे मात्र झाडून सगळे स्वार मोजायचे! ही मोजणी मला अन्यायाची वाटते.

केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात खरी झुंज दिली ती मराठ्यांच्या कवायती कंपूंनी (कंपू म्हणजे अनेक पलटणींचा गट). शिंद्यांच्या चाकरीतला युरोपीय अधिकारी पोलमन, त्याचा कंपू त्यात सर्वांत मोठा. एकूण १७ पलटणी, जास्तीत जास्त १०,८०० शिपाई. घोडदळ फारसं लढाईत उतरलंच नाही. तेव्हा साडेचार हजारांसमोर अकरा हजार लिहा. तोफा वेगळ्या सांगा, शंभराच्या आसपास होत्या आणि इंग्रजांची दैना त्यांनीच केली. ७४वी हायलंडर पलटण असई गावासमोरच्या माऱ्यात सापडली, तिची ५०० पैकी ४०० च्या आसपास माणसं ठार किंवा जखमी झाली.

कंपनीची एकूण हानी : ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. हजेरीपटावरून काढलेले आकडे आहेत, विश्वास ठेवा.

गोदाकाठ
मराठ्यांचे ६,००० ठार-जखमी म्हणतात, ते कुठून आलं?

कंपूवाला
वेलस्लीने रणांगणावरचे मृत सुमारे १,२०० लिहिले. जखमींचा आकडा दिलाच नाही, सगळ्या मुलखात पसरलेत एवढंच म्हटलं. पुढचा सगळा हिशेब अंदाजाचा. इंग्रजांकडे एका मृतामागे २.६६ जखमी पडतात. तेच प्रमाण इथे लावलं तर ३,२०० जखमी, एकूण ४,४०० होतात, सहा हजार नाही. पण ते प्रमाण तरी कसं लावायचं? आपले गोलंदाज (तोफा डागणारे) तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच संगिनींनी मारले गेले. तिथे जखमी उरणार किती?

भोकरदनकर
मग पानावर काय लिहू?

कंपूवाला
'सुमारे १,२०० ठार (इंग्रजांचा अंदाज), जखमींची नोंद नाही.' आणि गोलंदाजांवर एक ओळ नक्की लिहा.