आधी ट्रेडमिलची दिशा बदला, मग वेगाचं बघू

पावसात रंकाळा तलावाची फेरी बंद पडते म्हणून ट्रेडमिल घेतलीत आणि वेग किती ठेवू असं विचारलंत, उत्तम केलंत. वरच्या उत्तरांत सगळे वेगावर बोलताहेत, पण मशीनची मागची बाजू भिंतीला टेकवलीय म्हणालात, ते आधी बदला. मागे निदान 2 मीटर जागा मोकळी हवी. तोल गेला की चालता पट्टा माणसाला मागे ढकलतो. तिथं भिंत असली तर माणूस मधे अडकतो आणि पट्टा कातडी सोलून काढतो. सेफ्टी किल्लीची (ती निघाली की पट्टा थांबतो) क्लिप कपड्याला लावायचीच. व्यायाम झाला की किल्ली काढून उंचावर ठेवा, घरात पोरं असतील तर नक्कीच. सुरू करताना पाय पट्ट्याच्या दोन्ही कडांवर ठेवा, पट्टा हळू फिरायला लागला की मग पाऊल टाका.

आता वेग. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा पुरे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला अशा मध्यम व्यायामाची किमान 150 मिनिटं सांगते. चढ वाढवून दांडीला लोंबकळू नका राव, पन्हाळा कुणी कठडा धरून चढतं का? पडद्यावरच्या कॅलरी अंदाजे असतात, त्यावर मिसळीचा हिशेब मांडू नका. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबून डॉक्टर गाठा.

आणि पट्ट्याखाली सिलिकॉन तेलच, तेही माहितीपुस्तिकेत सांगितलं असेल तर. खोबरेल नको!