स्पेक्टरचा ख्रिसमस अल्बम 'आता पुरे' म्हणणाऱ्यांना

सूरपेटी
काल इथे एकाने लिहिलं की 'अ ख्रिसमस गिफ्ट फॉर यू फ्रॉम फिल स्पेक्टर' हा अमेरिकन संगीत निर्माता फिल स्पेक्टरचा १९६३चा अल्बम आता बासनात बांधून ठेवावा. गाणी पोरकट, आवाजाचा नुसता कल्ला, करणारा खुनी, आणि टिकला तो फक्त मॉलवाले दर डिसेंबरला वाजवतात म्हणून. काल डोकं तापलं होतं, म्हणून उत्तर आज.

मॉलमुळे टिकला हे साफ उलटं आहे. अल्बम बाजारात आला २२ नोव्हेंबर १९६३ला. त्याच दिवशी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. त्या नाताळात अमेरिकेत कोणाला नाचगाणं सुचणार होतं? अल्बम मागे पडला. १९७२मध्ये बीटल्सच्या ॲपल कंपनीने तो पुन्हा काढला आणि मग हळूहळू लोकांनी त्याला आपलं म्हटलं. मॉलवाले त्यानंतरचे.

लोकांनी आपलं का म्हटलं, तर यातली बहुतेक गाणी आधीपासून सगळ्यांना पाठ असलेली, बर्फाची, सांताची, रेनडिअरची. लहान मुलांची गाणी म्हणून कोणीही ती अर्ध्या दिवसात उरकली असती. इथे स्पेक्टर, संगीत संयोजक जॅक नित्शे आणि ध्वनिमुद्रक लॅरी लेव्हिन यांनी त्यांना हिट सिंगलइतकीच मेहनत दिली. 'स्ले राइड' मुळात लेरॉय अँडरसनची ऑर्केस्ट्रासाठीची रचना. रॉनेट्स या तिघींच्या गटाने गायलेली ऐका. आधी घोड्याच्या टापा, मग मागच्या दोघी घंटेचे बोल धरतात आणि ते शेवटपर्यंत सोडत नाहीत. त्यावर मुख्य गायिका रॉनी अशी गाते की गाडीत आपल्या शेजारीच बसली आहे. साठ वर्षांपूर्वीचं हे रेकॉर्डिंग अलीकडे अमेरिकेतल्या बिलबोर्ड गाण्यांच्या यादीत पहिल्या दहात जाऊन आलं. फक्त सवयीने हे होत नाही.

एकमत_नाही
ते लिहिणारा मीच. एक शब्द मागे घेत नाही.
मेहनत म्हणजे काय, तर हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओतल्या लहानशा खोलीत दाटीवाटीने वादक बसवायचे, अनेक गिटार आणि पियानोंना तेच सूर वाजवायला लावायचे आणि सगळं एको चेंबरमध्ये ढकलायचं. एकही वाद्य सुटं ऐकू येत नाही. अल्बमवरचाच दुसरा गट क्रिस्टल्स, त्याच्या जागी रॉनेट्स टाका, काही बिघडत नाही.
आणि लॅना क्लार्कसन हे नाव तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये नाही. २००३मध्ये त्याच्या घरात त्या बाईला गोळी लागली, २००९मध्ये तो दोषी ठरला, २०२१मध्ये कैदेत असतानाच गेला. अल्बमच्या नावातच तो माणूस आहे. ते नाव तुम्ही दरवर्षी हौसेने घेता.

मोनोवाला
'एकही वाद्य सुटं ऐकू येत नाही' असं म्हणणाऱ्याने आधी सांगावं की ऐकलं कशावर. फोनच्या स्पीकरवर? हे रेकॉर्डिंग मोनो आहे, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत, आणि मोनोसाठीच रचलेलं आहे. वाद्यं सुटी ऐकू येऊ नयेत हाच त्यातला विचार. १९९१चा 'बॅक टू मोनो' संच मिळवा, त्यात हा पूर्ण अल्बम आहे. एका चांगल्या स्पीकरवर लावा आणि 'सांता क्लॉज इज कमिंग टू टाऊन'मधले हॅल ब्लेनचे ड्रम ऐका. छातीत वाजतात. स्टीरिओचा आभास देणारी बटणं दाबून जुनी रेकॉर्डिंग ऐकायची आणि मग कल्ला म्हणायचं, याची मला मनापासून चीड आहे. जुन्या मराठी भावगीतांचंही लोकांनी हेच करून ठेवलंय, त्यावर वेगळा धागा काढीन.

न्यूजर्सीची_मावशी
'क्रिस्टल्सच्या जागी रॉनेट्स टाका' हे वाचून राहवलं नाही. याच अल्बमवर गाणाऱ्या डार्लिन लव्हच्या जागी कोणाला टाकाल, दादा?
मी नर्स आहे. इथे आले त्या पहिल्या नाताळात नवीन म्हणून रात्रपाळ्या माझ्याच माथी. घरी फोन लावला की आई रडायची, म्हणून लावणंच कमी केलं होतं. नर्सेस स्टेशनवरच्या रेडिओवर 'ख्रिसमस (बेबी प्लीज कम होम)' लागलं. इंग्रजी गाण्यांशी माझा काही संबंध नव्हता. पण बाहेर सगळं सजलंय आणि आपलं माणूस जवळ नाही, हे ती बाई ज्या ताकदीने सांगते ते कळायला इंग्रजी लागत नाही. अल्बममधलं नवीन लिहिलेलं गाणं हे एकच. शेवटी तिचा आवाज आणि पियानो दोघंही अनावर होतात, तिथे मला आजही काम थांबवावं लागतं.
तिचं पुढे काय झालं तेही ऐका. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती लोकांच्या घरी साफसफाई करत होती. बेव्हर्ली हिल्समधल्या एका घराचं न्हाणीघर घासताना रेडिओवर हेच गाणं लागलं, आणि तिथेच तिने ठरवलं की परत गायचं. १९८६पासून २०१४पर्यंत डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही कार्यक्रमात ती जवळजवळ दर नाताळाला हे गायली. अल्बम टिकलाय तो या बाईमुळे.

मडगावकर
मावशी, मुद्द्याला हात घातलात. १९६२चं 'ही'ज अ रेबेल' डार्लिनने गायलं आणि रेकॉर्डवर नाव क्रिस्टल्सचं छापलं. गाणारी एक, नाव दुसऱ्यांचं.
आमच्या गोंयकारांना हे नवीन नाही. हिंदी सिनेमाची सोनेरी वर्षं म्हणता, त्यातलं वाद्यवृंदाचं नोटेशन लिहिलं कोणी? सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी आणि ओ. पी. नय्यरसाठी केलेलं काम किती जणांना माहीत आहे? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालांचे गुरू. लोकांना ते नाव ठाऊक आहे ते बच्चनच्या गाण्यामुळे! माझे काका दादरच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवायचे. पडद्यावर त्यांचं नाव कधी आलं नाही. घरी रेडिओ लागला की 'हो हांव', म्हणजे 'हा मी', एवढंच म्हणायचे.

एकमत_नाही
चर्चा ख्रिसमस अल्बमची आहे की तुमच्या काकांची?

मडगावकर
तोंड सांभाळून. काकांचं उदाहरण दिलं कारण प्रश्न तोच आहे. नाव एकाचं, घाम दुसऱ्याचा. तुम्ही अल्बम बासनात बांधा म्हणता तेव्हा स्पेक्टरचं काय जातं? तो मेला. जातं ते गाणाऱ्यांचं.

एकमत_नाही
काकांबद्दल तसं बोलायला नको होतं, ठीक आहे. पण गाणाऱ्यांचं काय जातं म्हणता, तर त्यांना मिळालं काय ते बघा. रॉनेट्सनी १९६३मध्ये सह्या केलेल्या कराराचा खटला २००२मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सगळ्यात वरच्या न्यायालयापर्यंत (कोर्ट ऑफ अपील्स) गेला. करारात सिनेमा-जाहिरातींत गाणी वापरण्याबद्दल अवाक्षर नव्हतं, तरी तो हक्क स्पेक्टरकडेच राहिला. मिळाली ती फक्त विक्रीवरची रॉयल्टी. त्याच रॉनीशी त्याने लग्न केलं आणि तिला घरात डांबलं. १९७२मध्ये ती अनवाणी पळाली, तिनेच लिहून ठेवलंय. तुमच्या 'स्ले राइड'मधल्या त्या प्रसन्न आवाजामागे हे आहे. मला ऐकवत नाही. तुम्हाला ऐकवतं.

वसईकर
मी दोन्ही बाजूंना नाही. आमच्या घरी नाताळ म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा, मध्यरात्रीची मिस्सा आणि महिनाभर आधीपासून गायनमंडळाची तालीम. या अल्बममध्ये येशूचा जन्म कुठे आहे? 'बेल्स ऑफ सेंट मेरीज' हे तर मुळात नाताळचं गाणंच नाही. शेवटी 'सायलेंट नाइट' येतं, तर त्यावर स्पेक्टर स्वतः बोलत राहतो आणि श्रोत्यांचे आभार मानतो. ज्या गाण्याला आमच्याकडे म्हातारीकोतारी उभी राहतात, त्यावर भाषण! ते मला सहन होत नाही.
बाकी माझी मुलगी गोठा करताना हाच अल्बम लावते आणि पेंढा अंथरता अंथरता नाचते. तिला मी थांबवत नाही.

सूरपेटी
'सायलेंट नाइट'बद्दल वसईकरांशी सहमत. ते मीही वगळतो. लॅना क्लार्कसनचं नाव मूळ पोस्टमध्ये हवं होतं, हेही मान्य.
पण एकमत_नाही, रॉनीचं उदाहरण तुम्ही माझ्या बाजूने दिलंत. तिने ती गाणी टाकली नाहीत. त्या घरातून सुटल्यावर पुढची कित्येक वर्षं ती डिसेंबरात स्वतःचे नाताळचे कार्यक्रम करायची आणि तिथे हीच गाणी गायची. जिने भोगलं तिने ती परत ताब्यात घेतली. मग तिच्या वतीने आपण ती बंद का करायची?

एकमत_नाही
तिचा तो हक्क होता. तिने घेतला, मला आनंद आहे. म्हणून माझ्यावर ऐकायची सक्ती होत नाही. डार्लिन लव्हचं ते एक गाणं मावशींनी लिहिल्यावर पुन्हा ऐकलं. गायलंय जबरदस्त, ते नाकारत नाही. अल्बमबद्दलचं मत तेच.

मोनोवाला
ऐकलंत कशावर?