आयर्लंडच्या खेड्यातल्या जत्रा आणि बाजार: ऑगस्ट-सप्टेंबरात कुठं जावं?

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. लेक लिमरिकला नर्स आहे, मी आणि आमची सौ. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघतोय, सप्टेंबरअखेर परत. जावईबापूंनी डब्लिन आणि समुद्राकाठचे उंच कडे बुक करून ठेवलेत, ते बघूच, पण माझी खरी ओढ आहे ती खेड्यातल्या जत्रेची न् बाजाराची. लहानपणापासून जोतिबाच्या चैत्र यात्रेला चालत जाणारी माणसं आपण, जत्रेत चार तास फिरल्याशिवाय गाव कळत नाही असं मला मनापासून वाटतं. कुणी राहिलंय का तिकडं? सौ. शाकाहारी आहे, मी सगळं खातो.

ट्रॅलीवाली
काका, तारीख अगदी बरोबर साधलीय तुम्ही! केरी काउंटीत किलॉर्ग्लिन म्हणून छोटं गाव आहे, तिथं पक फेअर भरते, वार कुठलाही असो दरवर्षी १०, ११, १२ ऑगस्टच. डोंगरातला रानटी बोकड आणून त्याला राजा करतात, मुकुट घालणारी राणी म्हणजे शाळेतली मुलगी, आणि शेवटी त्याला परत डोंगरात सोडतात, कापत नाहीत. १६१३ च्या राजसनदेत या जत्रेचा उल्लेख आहे. पूर्वी बोकडाला तीन दिवस उंच मचाणावर ठेवायचे, २०२२ ला कडक उन्हामुळं खाली उतरवला, लोकांनी बरंच बोलून दाखवलं आणि ते बरंच झालं असं मला वाटतं. तुम्ही १० तारखेला सकाळी लवकर पोचा, घोड्यांचा बाजार त्या दिवशी असतो, खेडोपाडीचे शेतकरी घोड्याचे दात बघून सौदा करतात, अगदी आपल्या बैलबाजारासारखं. मुक्कामाची खोली मात्र आत्ताच बघा, नंतर मिळत नाही.

बावड्याचा
मी कॉर्कला ४ वर्षं होतो त्यामुळं बाजाराचं मी सांगतो. तिकडचा बाजार सकाळचा, आपल्यासारखं संध्याकाळी गेलात तर रिकामे टेबल बघून परत यायला लागंल. लिमरिकमधेच मिल्क मार्केट आहे, शनिवारी जावा. कॉर्ककडं आलात तर मिडलटनचा शनिवारचा, बँट्रीचा शुक्रवारचा. घासाघीस करत नाहीत, पण विकणारा बहुतेक स्वतःच पिकवणारा असतोय, त्याला विचारा की बटाटा कुठला, अर्धा तास बोलतोय माणूस. ऑगस्टात क्वीन्स नावाचा बटाटा मिळतो, उकडला की साल फुटून पिठूळ होतो, त्यावर तिथलं पिवळंधमक लोणी, वहिनींना दुसरं काही लागणार नाही. गाई गवतावर चरतात म्हणून लोण्याला तो रंग. चीज घेताना मात्र विचारून घ्या, बऱ्याच जुन्या पद्धतीच्या चीजमधे दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट घालतात. चिप्सपण काही ठिकाणी बैलाच्या चरबीत तळतात.
तुमच्यासाठी कॉर्कचं इंग्लिश मार्केट, १७८८ पासूनचं, तिथं ड्रिशीन मिळतं, रक्ताचं केलेलं. आपल्याकडं रक्ती-मुंडी खाणाऱ्याला त्यात नवल वाटायचं नाही. मला पहिला घास खाल्ला तेव्हा घरची आठवण येऊन डोळ्यात पाणी आलं होतं.

गंगावेस_कट्टा
मॅक्रूमचं कुणी सांगितलंच नाही! कॉर्क काउंटीतच आहे, तिथं म्हशी पाळतात, म्हशीच्या दुधाचं मोझरेला करतात. गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या माणसानं ते चाखायलाच पाहिजे.
आणि सप्टेंबरात नॅशनल प्लाउइंग चॅम्पियनशिप असते, १९३१ पासून चालू, नांगरणीची स्पर्धा, तीन दिवस. घोड्यानं नांगरणं अजून बघायला मिळतं, सरी सरळ किती पडली त्यावर मार्क. जागा आणि तारीख बघून जावा, आणि गमबूट घेऊन जावा, चिखल असतोय.

ट्रॅलीवाली
सप्टेंबरात रस्त्याकडंच्या काटेरी झुडपांवर ब्लॅकबेरी पिकलेली असते, करवंदं तोडतो तशी तोडून खायची, कुणी काही म्हणत नाही. तिथली म्हातारी माणसं सांगतात की हॅलोविननंतर खाऊ नये, पूका नावाचं भूत त्यावर थुंकतं.

शाहूपुरीकर
मंडळी, लई मोठं काम केलंत, धन्यवाद. सौ. ला आत्ता वाचून दाखवलं, ती म्हणती बटाट्याबरोबर खायला आपली कांदा-लसूण चटणी न्यायची. लेकीला फोन लावतोय, किलॉर्ग्लिनची खोली आजच बुक करायला सांगतो. बावड्याचे, बँट्रीला जायचं तर रात्री कुठं थांबावं? गाडी जावई चालवणार आहे, रस्ते अरुंद आहेत म्हणे.