खिडकी मोठी असली तरी

घराच्या नकाशात 'स्टोअर' म्हणून दाखवलेल्या खोलीला मोठी खिडकी असेल तर तिथे झोपायला हरकत नाही, असं काही जण म्हणतात. उजेड-वाऱ्यापुरतं ठीक आहे. पण इमारतींच्या नियमांत राहण्यायोग्य खोलीची व्याख्या आधी वापरावरून ठरते, आणि तो वापर ठरला की उंची, क्षेत्रफळ, खिडकी या अटी लागू होतात. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) अशा खोलीची उंची किमान २.७५ मीटर हवी. शिवाय या संहितेत स्वयंपाकघर राहण्याची खोली म्हणूनही वापरात असेल तरच या व्याख्येत येतं. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेत मात्र स्वयंपाकाची जागा थेट राहण्यायोग्य धरली आहे. संडास-बाथरूम, घरातला बोळ (पॅसेज) आणि कोठीची खोली, म्हणजे स्टोअर, वगळली आहे.

यात आगीचा मुद्दा राहून जातो, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच अमेरिकन संहितेत झोपण्याच्या प्रत्येक खोलीला आणीबाणीत बाहेर पडता येईल अशी उघडणारी जागा सक्तीची आहे: मोकळी जागा साधारण ५.७ चौरस फूट (खिडकी बाहेरच्या जमिनीलगत असेल तर ५), आणि तिची खालची कड फरशीपासून ४४ इंचांहून उंच नको. ग्रिल बसवायची तर ती आतून किल्ली किंवा हत्याराशिवाय उघडली पाहिजे. झोपलेल्या माणसाला धूर उशिरा कळतो, म्हणून ही अट. स्टोअरची खिडकी कितीही मोठी असली तरी तिला पक्कं ग्रिल ठोकलेलं असेल, तर तिथे कुणाला, विशेषतः लहान मुलांना, झोपवू नका.