तोंडाचा कर्करोग आणि मेलाटोनिन: पूरक उपचार की नुसती झोपेची गोळी?

रातराणी: तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोगशाळेत मेलाटोनिन (शरीरात रात्री तयार होणारं झोपेचं संप्रेरक) घातलं की त्यांची वाढ मंदावते, त्या पसरायच्या कमी होतात, सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचा मारा जास्त लागू पडतो. असे निष्कर्ष वारंवार आलेत. इटलीत लिसोनी या संशोधकांनी केमोसोबत रात्री २० मिग्रॅ देऊन रुग्ण जास्त जगल्याचं मांडलं. औषध स्वस्त, त्रास फार तर सुस्ती आणि डोकेदुखी. ऑपरेशन, रेडिएशन काही न सोडता ही एक गोळी जोडायला हरकत काय?

खलबत्ता: हरकत गणिताची आहे. त्या प्रयोगांत बहुतेकदा १ मिलिमोलरच्या आसपास मात्रा वापरतात, म्हणजे दर मिलीला २३२ मायक्रोग्रॅम. १० मिग्रॅची गोळी गिळल्यावर रक्तात दर मिलीला जेमतेम काही *नॅनोग्रॅम* सापडतात, कारण बरंचसं यकृतातच संपतं आणि उरलेलं साधारण तासाभरात निम्मं होतं. तफावत पन्नास हजार पटींच्या घरात. २० मिग्रॅ केलीत तरी दुप्पटच होणार. त्यात विडी-सिगारेट चालू असेल तर यकृतातलं सीवायपी१ए२ हे मेलाटोनिन मोडणारं विकर (एन्झाइम) चेकाळतं आणि पातळी आणखी घसरते. आपल्याकडे हे पेशंट कोण असतात ते सांगायला नको.

लिसोनींच्या बहुतेक चाचण्यांत कोणाला काय दिलंय हे सगळ्यांना माहीत होतं. कॅनडात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ७०९ रुग्णांना ऑपरेशननंतर वर्षभर २० मिग्रॅ किंवा नकली गोळी दिली. कर्करोग परतण्यात फरक पडला नाही.

रातराणी: गाठ सोडा मग. केमो-रेडिएशनमध्ये तोंड येण्याचं बोला. गुळणी केली तर यकृत मधे येतच नाही. ३ टक्के जेलमध्ये दर ग्रॅमला ३० मिग्रॅ असतं, तुमचे २३२ मायक्रोग्रॅम कुठल्या कुठे मागे पडतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या थायलंडच्या चाचणीत ३९ जणांना केमो-रेडिएशनच्या काळात गुळणी आणि रात्री २० मिग्रॅ, किंवा दोन्ही नकली, असं दिलं. तिसऱ्या श्रेणीचे (गंभीर) व्रण ३४ व्या दिवसाऐवजी ५० व्या दिवशी आले, मॉर्फीनही कमी लागलं. ३० फ्रॅक्शन्सच्या (रेडिएशनच्या बैठकांच्या) कोर्समध्ये सोळा दिवस तोंडाने जेवता येणं म्हणजे काय, हे नाकात नळी असलेल्याला विचारा.

तीस_फ्रॅक्शन: सोळा दिवसांचं मान्य, पण पूर्ण सांगा ना. व्रण होणाऱ्यांचं प्रमाण मात्र ठोसपणे घटलं नव्हतं. आणि ३९ जणांत गाठ परतण्याबद्दल काहीच कळू शकत नाही.

खरी भीती तिथेच आहे. किरणं पेशी मारतात ती बऱ्याच अंशी मुक्त कणांच्या (फ्री रॅडिकल्सच्या) जोरावर आणि मेलाटोनिन तेच कण टिपतं. क्वेबेकमध्ये डोके-मान कर्करोगाच्या ५४० रुग्णांना रेडिएशनच्या काळात आणि पुढेही व्हिटॅमिन ई हे असंच कण टिपणारं अँटिऑक्सिडंट दिलं, तेव्हा ते चालू असेपर्यंत दुसरा नवा कर्करोग होण्याचं प्रमाण *वाढलं*. मेलाटोनिन म्हणजे व्हिटॅमिन ई नव्हे, कबूल. पण ‘अँटिऑक्सिडंट आहे, घ्या बिनधास्त’ हे त्याच दिवशी निकालात निघालं.

तोंड येऊ नये म्हणून आधी ठरलेल्या गोष्टी करा: लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खाण्याचा सोडा, दर दोन-तीन तासांनी गुळणी, बेन्झिडामाइन (सूज-वेदना कमी करणारं औषध), सोय असेल तिथे लो-लेव्हल लेझर.

रातराणी: लेझर तालुक्याला कुठे मिळतो?

तीस_फ्रॅक्शन: नाही मिळत. मीठ-सोडा मिळतो, आणि तोही निम्मे लोक करत नाहीत.

खलबत्ता: गुळणीवरून एक. गोळी कुटून पाण्यात टाकायचे प्रकार करू नका. मेलाटोनिन पाण्यात फारसं विरघळत नाही, चुरा तळाशी बसतो आणि व्रणावर रवाळ चिकटतो. जिभेखालच्या काही गोळ्यांत आंबट स्वाद असतो, सोललेल्या गालाला तो मिरचीसारखा झोंबतो. चाचणीतली गुळणी त्यासाठीच बनवलेली असते.

झोपेसाठी म्हणून डॉक्टरांनी दिलीच, तर २-३ मिग्रॅपासून, झोपायच्या तासभर आधी. वॉरफेरिन (रक्त पातळ करणारं) किंवा फ्लुवोक्सामाइन (मानसिक आजारांवरचं) चालू असेल तर आधी सांगा; फ्लुवोक्सामाइनने मेलाटोनिनची पातळी कित्येक पट चढते. सप्लिमेंटच्या डब्यांवर भरवसा कमी: कॅनडात ३१ उत्पादनं तपासली तर छापील मात्रेपेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत माल निघाला, आठांत सेरोटोनिन हे दुसरंच रसायनही होतं. आणि नाकात नळी असेल तर सावकाश सुटणारी गोळी कुटून घालू नका. कुटली की ती साधी गोळी होते, आणि पहाटे दोनला पेशंट टक्क जागा.