मदत हवी आहे: शुई किंग्झिया (?) यांच्यावरच्या लेखातल्या अडचणी

अर्धवेळ
नमस्कार मंडळी. चीनच्या माजी फुटबॉलपटू आणि नंतर महिला संघाच्या प्रशिक्षक झालेल्या शुई किंग्झिया यांच्यावर मराठी विकिपीडियासाठी लेख लिहायला घेतला आहे. चार ठिकाणी अडलंय.
१) नाव देवनागरीत कसं लिहायचं?
२) "२०२२ चा आशिया चषक मुंबईत सहाही सामने जिंकून मिळवला" हे बरोबर आहे का?
३) १९९६ ची ऑलिंपिक स्पर्धा अटलांटाला होती, मग महिला फुटबॉलचा अंतिम सामना अथेन्सला कसा?
४) "चीनच्या पहिल्या महिला प्रशिक्षक" असं लिहू का?

लाइनमन
आधी नाव. रोमन लिपीत ते Shui Qingxia असं लिहितात. चिनी नावांच्या रोमन लिपीत क्यू म्हणजे 'क' नव्हे, 'छ'च्या जवळचा उच्चार. आणि एक्स म्हणजे 'श'. 'किंग्झिया' होतं ते ही अक्षरं इंग्रजीसारखी वाचल्यामुळे. 'शुई'तही एक स्वर गाळला जातो, उच्चार 'श्वेइ' असा आहे. म्हणून श्वेइ छिंगश्या. आडनाव पुढे असतं, तेव्हा नंतर उल्लेख करताना 'श्वेइ' म्हणा, 'छिंगश्या' नको. जुन्या रूपावरून पुनर्निर्देशन (ते शोधलं तरी याच लेखावर नेणारी सोय) ठेवा, लोक तेच शोधणार.

३) हे अथेन्स ग्रीसमधलं नाही, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं. अंतिम सामना तिथल्या सॅनफर्ड स्टेडियममध्ये १ ऑगस्ट १९९६ रोजी झाला. अमेरिका २, चीन १. श्वेइ त्या रौप्यविजेत्या संघात होत्या. दुवा देताना 'अथेन्स, जॉर्जिया' असाच द्या, नाहीतर वाचक थेट ॲक्रोपोलिसवर जाईल.

बदली खेळाडू
२) वाक्यात तीन चुका आहेत. चीनच्या गटात भारताचा संघ होता, पण करोनामुळे १३ खेळाडूही उभे राहीनात, म्हणून त्याला माघार घ्यावी लागली आणि चीन-भारत सामना झालाच नाही. म्हणजे सामने पाच: चायनीज तैपेई (तैवान) ४-०, इराण ७-०, उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनाम ३-१, उपांत्य फेरीत जपान २-२, अंतिम फेरीत दक्षिण कोरिया ३-२.

जपानविरुद्ध 'जिंकला' असं नोंदवू नका. जादा वेळेत, ११९ व्या मिनिटाला, चीनच्या वांग शानशानने बरोबरी साधली, मग पेनल्टी शूटआउटमध्ये ४-३. नोंदीत असा सामना बरोबरीत धरतात. म्हणजे चार विजय, एक बरोबरी, १९ गोल. शिवाय तो सामना मुंबईत नव्हे, पुण्यात बालेवाडीला झाला.

लेखात सर्वांत जास्त जागा द्या ६ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्याला. मध्यंतराला कोरिया २-० पुढे. ६८ व्या मिनिटाला थांग ज्यालीची पेनल्टी, ७२ व्या मिनिटाला जांग लिनयेन, भरपाई वेळेत श्याओ यूयी. शेवटच्या दोघीही बदली म्हणून उतरलेल्या! प्रशिक्षक म्हणून श्वेइंचं काम याहून ठळक कुठे दिसत नाही. आणि नेमणूक झाली होती नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे हाताशी तीन महिनेही नव्हते.

अवांतर: आशिया चषकाचं 'नववं विजेतेपद' हे संघाचं आहे. माहितीचौकटीत ते श्वेइंच्या नावावर टाकलेलं काही ठिकाणी दिसतं.

लाइनमन
४) नको. २००७ च्या विश्वचषकात चीनच्या प्रशिक्षक स्वीडनच्या मारिका दोमान्स्की-ल्युफोर्स होत्या.

उतारही लिहा, फक्त चषकावर थांबू नका. २०२३ च्या विश्वचषकात डेन्मार्ककडून ०-१, हैतीवर १-०, इंग्लंडकडून १-६ आणि गटातच बाहेर. चीनवर ही वेळ पहिल्यांदाच आली. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत कांस्य. त्यानंतर पॅरिस ऑलिंपिकची पात्रताही हुकली. फक्त '१-६मुळे पद गेलं' असं कारण जोडू नका, विश्वचषकानंतरही त्या पदावर होत्याच.

अर्धवेळ
खूप आभार. दुरुस्त वाक्य: "पाच सामन्यांत अपराजित राहून चीनने मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये चषक जिंकला." चालेल?

बदली खेळाडू
'मुंबईच्या' काढा. ते नेरूळला आहे, नवी मुंबई.